गोठवणुकीचे एकवीस दिवस

ऑफिसात तिला सगळे चौकटताई म्हणत. तोंडावर नुसतं ताई, आणि पाठ वळली की चौकटताई. तिला ते ठाऊक होतं, आणि रागवावं तरी कशाला? नऊ महिन्यांत तिनं अडतीस प्रकारचे फॉर्म तयार केले होते आणि त्या प्रत्येकात चौकटीच चौकटी होत्या.

त्याआधी अकरा वर्षं ती साधी प्रोग्रामर होती, आणि चांगली होती. कंपनी लहान, सव्वीस माणसांची, एका टायरच्या दुकानावरच्या दोन मजल्यांत मावणारी. रुग्णालयांसाठी औषधाची मात्रा काढून देणारं सॉफ्टवेअर तिथं बनायचं. सिस्टरनं रुग्ण निवडायचा, वजन टाकायचं, औषध सांगायचं, की पडद्यावर उत्तर यायचं: इतके मिलिलिटर. नऊ रुग्णालयांत ते रोज चालायचं. टीमची कामाची पद्धत अजाईल होती. दोन-दोन आठवड्यांचे टप्पे, भिंतीवर कार्डं, सकाळी दहा मिनिटं उभ्या-उभ्या बोलणं, की लागा कामाला. सकाळी चूक कळली तर दुपारच्या चहाआधी दुरुस्ती रुग्णालयात पोचलेली असे. लिहिणं कमी, बोलणं फार. पोरं त्यावर खूश होती आणि तीही होती.

मग एका मोठ्या रुग्णालय-समूहाचा निरोप आला. त्यांना हे सॉफ्टवेअर हवं होतं, पण कंपनीकडे तिसऱ्या पातळीचं प्रमाणपत्र असेल तरच. प्रक्रिया-सुधारणेचं एक मॉडेल असतं, त्याच्या पायऱ्या असतात. तिसऱ्या पायरीवर चढायचं तर काम कुणी ठरवलं, कुणी तपासलं, चुकलं तर का चुकलं, याचा लेखी पुरावा दाखवावा लागतो, आणि तोही एखाद्या दिवसाचा नाही, महिनोन्‌महिन्यांचा.

साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. साहेब म्हणजे कंपनी काढणारा माणूस. पहिल्या वर्षी स्वतः केबल ओढत फिरलेला.

"या पोरांना कागद म्हटलं की ताप येतो," ते म्हणाले. "आणि कागदवाल्यांना या पोरांची भाषा कळत नाही. दोन्हीकडचं कळणारी तू एकटीच आहेस. हे प्रमाणपत्र एकदा पदरात पडू दे, मग तू तुझ्या कोडकडे परत."

ती नाही म्हणाली नाही. म्हणायला हवं होतं, असं तिला पुढं बरेचदा वाटलं. पण कुणी 'तू एकटीच' असं म्हटलं की माणूस जरा फुगतो, आणि फुगलेल्या माणसाला दार अरुंद आहे हे आत शिरल्यावरच कळतं.

तिनं काम मनापासून केलं. टीमच्या डोक्यावर वेगळी कागदपत्रं लादायची नाहीत, हे तिनं आधीच ठरवलं होतं. भिंतीवर कार्डं होतीच. तिनं कार्डाच्या मागच्या बाजूला तीन ओळी छापून घेतल्या. कुणी तपासलं, काय बिघडू शकतं, चाचणी कुठे ठेवली आहे. बस. पोरांनी कुरकुर केली, मग भरायला लागली. पहिले चार महिने तिला खरंच वाटलं, की दोन्ही डगरींवर हात ठेवून नीट उभं राहता येतं. पण मॉडेलचं पोट तीन ओळींनी भरेना. पुरावा मागितला की पुराव्याचा पुरावा. फॉर्म वाढत गेले. कोडला तिचा हात लागेनासा झाला, आणि सकाळच्या उभ्या बैठकीत ती आली की बोलणं आवरतं घेतलं जाऊ लागलं.

त्या नऊ महिन्यांतला एक नियम मात्र तिच्या हातचा होता आणि तिला त्याचा अभिमान होता. मूल्यमापन करणारी मंडळी यायच्या आधी एकवीस दिवस सॉफ्टवेअरची आवृत्ती गोठवायची. त्यात काडीचाही बदल नाही. कागद जे सांगतो तेच रुग्णालयात चालू आहे, हे दिसलं पाहिजे. बदल करायचाच असेल तर तिघांची समिती: साहेब, रुग्णालयांचा प्रतिनिधी आणि ती. तिघांच्या सह्या. नवी आवृत्ती बाहेर सोडायचा पासवर्ड आतापर्यंत टीममधल्या दाढीकडे असायचा. दाढी म्हणजे तिच्या शेजारच्या टेबलावर सात वर्षं बसलेला तिचा मित्र, कामात वाघ, कागदावर उंदीर. तो पासवर्ड तिनं त्याच्याकडून काढून साहेबांच्या तिजोरीत ठेवायला लावला.

"माझ्यावर विश्वास नाही का?" दाढीनं विचारलं होतं.

"तुझ्यावर आहे रे. घाईवर नाही."

तेव्हापासून तो तिच्याशी कामापुरतं बोलायचा.

गोठवणुकीचा चौथा दिवस, गुरुवार. दुपारी साडेचारला ती जुन्या चुकांचे फॉर्म पुरे करत बसली होती. आधीच्या वर्षातल्या ज्या गंभीर चुका नुसत्या दुरुस्त करून सोडून दिल्या होत्या, त्यांची कारणं आता लिहायची होती. अकरा झाले, बारावा काढला. आठ महिन्यांपूर्वीची चूक. सिस्टरनं एका रुग्णावरून दुसऱ्या रुग्णावर जायचं, आणि पडद्यावर पहिल्याचंच वजन राहायचं. एका रुग्णालयातून फोन आला होता आणि त्याच दिवशी दुरुस्ती गेली होती. ती दुरुस्ती तिनं स्वतः केली होती. तिचं शेवटचं कोड.

फॉर्मच्या खाली एक प्रश्न होता: हेच कारण सॉफ्टवेअरमध्ये इतरत्र आहे का, हे तपासलं का? आधीच्या अकरा फॉर्मांत तिनं 'हो' लिहिलं होतं. सगळेच लिहितात. इथंही 'ह' लिहून झाला आणि हात थांबला. कारण इथं विचारणारीही तीच आणि उत्तर देणारीही तीच होती. आणि तिला आठवलं, की मात्रा पुन्हा देण्याचा पडदा बनवताना तिनं वजन वाचायचा तुकडा जसाच्या तसा उचलून तिकडे चिकटवला होता.

तिनं चाचणीच्या संगणकावर अडुसष्ट किलोचा एक खोटा पुरुष निवडला, मग अकरा किलोचं खोटं मूल, आणि 'पुन्हा मात्रा' दाबलं. मुलासाठी उत्तर आलं ते अडुसष्ट किलोचं.

तिनं पुन्हा करून पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं. मग ती उठून दाढीच्या टेबलाशी गेली.

"हे बघ जरा."

तो आधी हसला. "चौकटीतून बग निघाला म्हण की." मग त्यानं स्वतः करून पाहिलं आणि हसू मावळलं. "चार ओळी आहेत. वीस मिनिटांत देतो. रुग्णालयांत टाकून दे."

"टाकू कशी? गोठवलंय."

दाढी तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं खुर्ची वळवली, तेच तिला जास्त लागलं.

साहेबांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे चोळले. ते वाईट माणूस नव्हते. तसे असते तर तिला सोपं गेलं असतं.

"आठ महिन्यांत कुणाची तक्रार?"

"नाही."

"मग सतरा दिवस थांबू शकतं. मूल्यमापन झालं की सोडू."

"साहेब, लहान मूल आहे समोर. सहापट मात्रा."

ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली कुणीतरी टायरात हवा भरत होतं. "बरं," ते म्हणाले. "मग गुपचूप टाका. आवृत्तीचा क्रमांक तोच ठेवा. नोंद नको, समिती नको. सुंठीवाचून खोकला गेला."

क्षणभर तिला हायसं वाटलं. मग तिच्यातली प्रोग्रामर जागी झाली. नऊपैकी चार रुग्णालयांतले संगणक नवा क्रमांक दिसला तरच नवी आवृत्ती उतरवून घेत. क्रमांक तोच ठेवला तर पाच ठिकाणी दुरुस्त होईल आणि चार ठिकाणी जुनंच चालू राहील. आणि कुठलं कुठे आहे हे कुणालाही, अगदी कंपनीलाही, सांगता येणार नाही. क्रमांक बदलला तर नोंद आली. नोंद आली की समिती आली. आणि समितीतला रुग्णालयांचा प्रतिनिधी परगावी प्रशिक्षणाला गेलेला, सोमवारी उगवणारा.

तिनं हे सांगितलं. साहेब म्हणाले, "तिघांच्या सह्या हव्यातच, असं कुणी लिहिलंय?"

"मी."

आपलेच दात, आपलेच ओठ. साहेबांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता. "सव्वीस घरं आहेत या प्रमाणपत्रावर," ते म्हणाले. "उद्या सकाळी बोलू. तोवर कुणाला काही बोलू नकोस."

ती बाहेर आली. दाढी वाट बघत उभा होता. त्याला साहेबांचा उपाय कळला तेव्हा तो म्हणाला, "मग कर ना गुपचूप. पाच तर पाच. पेशंट महत्त्वाचा की तुझी चौकट?"

"आणि उरलेले चार?"

त्याच्या नजरेतली चीड गेली नाही. तिनं पर्स उचलली. दोघांनाही ती चुकीची वाटत होती, आणि कोणत्या बाजूनं चुकीची, हे तिला स्वतःलाच ठरवता येत नव्हतं.

घरी सात वाजता सगळे जेवायला बसले. नवरा लेकीला भागाकार समजावत होता. सासरे समोर. त्यांची सारी नोकरी कारखान्यांतले बॉयलर तपासण्यात गेली होती. बोलणं मोजकं, ऐकू कमी येतं म्हणून आणखी मोजकं. ती घास नुसते इकडून तिकडे करत होती.

"काय गं, मीठ जास्त झालंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. ऑफिसचं आहे."

तिनं त्यांना थोडक्यात सांगितलं, जरा मोठ्यानं, म्हणून नवऱ्यानंही ऐकलं आणि भागाकार थांबला. सासरे पाणी प्यायले.

"मी एकदा एका बॉयलरला सही नाकारली होती," ते म्हणाले. "चीर दिसली म्हणून. मॅनेजरनं तीन दिवस मला ऑफिसात बसवून ठेवलं. सही करा नाहीतर पगार विसरा म्हणाला."

"मग?"

"मग वरून दुसरा इन्स्पेक्टर आला. त्यानं बघितलं. चीर नव्हतीच, ओरखडा होता."

नवरा हसला. "बाबा, हे सांगून तिला धीर येणार आहे का?"

"धीराचं नाही सांगत. त्या तीन दिवसांत मी एकच केलं होतं. बॉयलरवाल्याला जाऊन सांगितलं होतं, बाबा रे, तू त्याच्या समोर उभा राहू नकोस. सहीचं काय व्हायचं ते होईल. उभा राहणाऱ्याला आधी सांगायचं." आणि ते पुन्हा जेवायला लागले.

तिला वाटलं, आत्ता उठावं आणि फोन करावा. पण साहेब सकाळी बोलू म्हणाले होते, रुग्णालयांचे नंबर ऑफिसच्या वहीत होते, आणि खरं कारण म्हणजे ती घाबरली होती. ती उठली नाही. भांडी आवरली, लेकीचे दोन भागाकार तपासले आणि झोपायला गेली.

शुक्रवारी आठ वाजता ती ऑफिसात पोचली. कुणी आलं नव्हतं. वही घेऊन ती जिन्यात बसली, कारण पोरं येऊ लागली असती आणि आतल्या भिंती पातळ होत्या. कागदावर तीन वाक्यं लिहिली आणि नऊ फोन लावायला सुरुवात केली. पुन्हा मात्रा देण्याचा पडदा वापरू नका. रुग्ण बदलला की पडदा बंद करून नव्यानं उघडा. काल-परवा या पडद्यावरून दिलेल्या मात्रा एकदा हातानं तपासा.

काहींनी आभार मानले, काहींनी वैतागून ऐकलं, एकानं विचारलं की हे लेखी कधी मिळेल. सातव्या ठिकाणी बालविभागाच्या सिस्टर फोनवर आल्या. तिनं तीन वाक्यं वाचली. पलीकडे खाट सरकवल्याचा आवाज आला.

"हॅलो, सिस्टर?"

"अहो, मला कालच आलं हे," सिस्टर म्हणाल्या. "संध्याकाळी, सात-सव्वासात झाले असतील. एवढुसं बाळ, आणि मशीन म्हणतंय इतकं द्या. म्हटलं, एवढं तर माझ्या सिरिंजमध्येपण मावणार नाही. मग कागदावर हिशोब करून दिलं बरोबर. बाळ छान आहे."

काल सात वाजता ती ताटात घास फिरवत बसली होती.

"तुम्ही कळवलं नाहीत आम्हाला?" तिनं विचारलं.

"आधी एकदा असंच काहीतरी झालं होतं, तेव्हा फोन केला होता. आता तुमच्याकडून फॉर्म आलाय ना, चार पानांचा. भरायला घेतला होता मी महिन्यापूर्वी, अशाच एका गोष्टीसाठी. दुसऱ्या पानावर ते वर्गीकरण का काय विचारलंय, तिथं अडले. तीस खाटा आहेत हो माझ्याकडे. राहिला तो तसाच."

तो फॉर्म तिचा होता. वर्गीकरणाची चौकट घालायला तिला आख्खा दिवस लागला होता. आठ महिन्यांत कुणाची तक्रार, असं काल साहेबांनी विचारलं होतं आणि तिनं 'नाही' म्हटलं होतं. तक्रारी होत्या. पान दोनवर अडून पडल्या होत्या.

उरलेले दोन फोन तिनं कसे केले तिला आठवत नाही, पण केले. मग नोंदवही उघडून चूक लिहिली, वेळेसकट. कधी सापडली, कधी कळवली, मधे किती तास गेले. आणि त्या तासांत काय झालं, तेही. दाढी आला तेव्हा तिनं त्याच्यापुढे वही ठेवली. तो वाचत गेला आणि शेवटी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला.

"नव्या क्रमांकानं करू," तो म्हणाला. "मी लिहितो, तू तपास. आणि तो तुकडा आणखी कुठे चिकटवलाय ते आधी शोधू. सगळीकडे."

आणखी एका ठिकाणी सापडला.

साहेब साडेनऊला आले. तिनं वही त्यांच्यासमोर ठेवली आणि उभी राहिली. त्यांनी वाचलं. बाळाच्या ओळीपाशी थांबले, परत वाचलं.

"तू मला विचारलं नाहीस," ते म्हणाले.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात. आणि मग नाही ऐकूनही मला करावंच लागलं असतं. ते जास्त वाईट दिसलं असतं."

"आता हे लपत नाही."

"नाही. नऊ ठिकाणी माहीत आहे."

साहेबांनी वही मिटली. मग उठले आणि तिजोरीतून पासवर्डचं पाकीट काढलं. समितीच्या कागदावर त्यांनी सही केली, तिनं केली. तिसरी जागा रिकामी राहिली. प्रतिनिधीला फोन लावला तर तो बंद. रिकाम्या जागेत तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं: नियम मोडला, कारण पाठीमागे. दुपारी सव्वाचारला नवी आवृत्ती बाहेर पडली, आणि पावणेसहापर्यंत नऊही रुग्णालयांत उतरल्याची खात्री दाढीनं एकेक फोन करून घेतली.

मूल्यमापनाला आलेल्या बाई साठीच्या होत्या, बारीक अंगाच्या, पेन्सिलीनं लिहिणाऱ्या. तीन दिवसांतला दुसरा दिवस त्यांनी दोनच सह्यांच्या त्या एका पानावरच काढला.

"हा नियम कुणी लिहिला?"

"मी."

"मोडला कुणी?"

"मीच."

"तातडीची वाट यात का नाही ठेवलीत?"

तिनं याचं उत्तर आदल्या दिवशी तयार केलं होतं, पण आयत्या वेळी ते खोटं वाटलं. "कारण टीमवर माझा भरवसा उरला नव्हता," ती म्हणाली. "वाट ठेवली असती तर ते रोज तिथूनच जातील असं वाटलं."

बाईंनी ते लिहून घेतलं. मग तक्रारीचा फॉर्म मागवला, चारही पानं उलटली आणि विचारलं, "हा भरून कधी कुणी परत पाठवलाय?"

"एकही नाही आला."

"आणि तुमच्या तक्त्यात तक्रारी शून्य म्हणून हिरवा रंग आहे."

"हो."

बाई रागावल्या नाहीत. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, की असे हिरवे तक्ते त्यांनी फार पाहिलेत, पण ते खोटे आहेत असं सांगणारं सहसा कुणी भेटत नाही.

तिसरी पातळी मिळाली नाही. अहवालात एक मोठी त्रुटी आली आणि अर्ध्या वर्षानं फेरतपासणी ठरली. रुग्णालय-समूह थांबायला तयार झाला. साहेबांनी त्यासाठी काय बोलणं केलं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सव्वीसपैकी दोघं सोडून गेले, कंटाळून, आणि त्यांनी जाताना नाव तिचंच घेतलं. फेरतपासणीचं काम कुणाकडे जाणार, हा प्रश्न कुणी विचारलासुद्धा नाही. तिच्या जुन्या टेबलावर नवी मुलगी बसवली होती. हुशार होती, आणि आपली चूक आपल्यालाच सापडावी म्हणून ती कार्डाच्या पाठीवरच्या तीन ओळी आपण होऊन भरायची.

चौकटताई हे नाव काही गेलं नाही. दाढी मात्र आता तोंडावर म्हणायचा, आणि त्यात तिला फरक जाणवायचा.

नियमात तातडीची वाट आली: दोन सह्या, आणि नंतर एका दिवसात तिसरी. चार पानांचा फॉर्म गेला. त्याच्या जागी प्रत्येक पडद्याच्या तळाशी एक फोन नंबर आला, तिच्या टेबलावरचा. पहिल्याच आठवड्यात बत्तीस फोन आले. तक्त्यावर तक्रारींचा रकाना लाल झाला, आणि साहेब तो बघायचे तेव्हा ओठ मुडपायचे, पण काढून टाका म्हणाले नाहीत.

तिचा दिवस आता त्या फोनला बांधला गेला होता. जेवायला उठली की वाजायचा, बैठकीत वाजायचा, कुणी मागून येऊन बोलायला लागलं की वाजायचा. बहुतेक वेळा काहीच नसे. अक्षरं बारीक दिसतात, बटण सापडत नाही, पासवर्ड विसरले. एका दुपारी, डबा उघडून पहिला घास उचलला आणि पुन्हा वाजला.

"बोला सिस्टर," ती म्हणाली आणि डब्याचं झाकण लावून कार्ड पुढं ओढलं.